किरकोळ धडकेनंतर अनोळखी माणसावर किती विसंबावं?

गाडीला पोचा पडतो तेव्हा आपण पोच्याकडे बघत असतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आठवत राहतो तो समोरच्या गाडीतला माणूस. त्यानं दिलेला नंबर खरा असेल ना? ‘गॅरेजमध्ये विचारून सांगा, मी देतो पैसे’ म्हणाला, पण उद्या फोन उचलेल का? चूक माझी होती असं तेव्हा म्हणाला, आता शब्द फिरवला तर? धक्का आपल्याकडून लागला असेल तर काळजी उलटी असते. हा माणूस जुने ओरखडेही माझ्याच नावावर खपवेल का?

गाडी नव्यानं चालवायला लागलेल्यांसाठी आणि अशा प्रसंगात पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. कुणाला दुखापत झाली असेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी रुग्णवाहिका आणि पोलिसांना फोन करा. इथे बोलायचं आहे ते फक्त बंपर, दिवा, दार, आरसा यांच्या नुकसानाबद्दल आणि त्यानंतर मनाला लागणाऱ्या घोराबद्दल.

माझ्यावर हा प्रसंग आला तेव्हा मी सिग्नलला उभा होतो. मागून हळूच धक्का बसला. मागचे गृहस्थ उतरले, माफी मागितली, नंबर सांगितला. मी तो हातानं कागदावर लिहून घेतला. संध्याकाळी फोन लावला तर नंबर अस्तित्वात नव्हता. रात्रभर मी त्या माणसाला मनातल्या मनात लबाड ठरवत होतो. सकाळी कागद पुन्हा पाहिला. घाईत काढलेला ‘१’ मला ‘९’ वाटला होता. बरोबर नंबर लावला तेव्हा ते म्हणाले, “अहो, मी कालपासून तुमच्या फोनची वाट बघतोय. तुमचा नंबर घ्यायचं मलाही सुचलं नाही.” त्यांनी पैसे दिले. पण त्या रात्री मी एका सरळ माणसाबद्दल काय काय विचार केला, ते अजून मनात टोचतं. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तशी रात्र कुणावर येऊ नये म्हणून आहेत.

चेहरा वाचायला जाऊ नका

रस्त्यावर उभं राहून ‘माणूस बरा वाटतो’ किंवा ‘नजर चुकवतोय, काहीतरी गडबड आहे’ असं आपण पटकन ठरवतो. त्यावर भिस्त ठेवू नका. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली खरं-खोटं ओळखण्याबद्दलच्या २०६ अभ्यासलेखांतली माहिती एकत्र केली. माणसं समोरच्याचं खरं-खोटं ऐकून-बघून ओळखण्यात सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरतात, असं त्यातून दिसलं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के बरोबर आले असते. शिवाय धडकेनंतर प्रामाणिक माणसाचेही हात थरथरतात, तोही नजर चुकवतो, एकच वाक्य तीनदा बोलतो. घाबरलेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस दिसायला सारखेच असतात.

म्हणून माणूस कसा आहे हा प्रश्न त्या दहा मिनिटांपुरता बाजूला ठेवा. तो सरळ निघाला तरी आणि वाकडा निघाला तरी उपयोगी पडेल असं काय गोळा करता येईल, एवढंच बघा.

पायरी १: गाडी, रस्ता, माणसं

थांबा. हॅझर्ड लाइट लावा. आपल्या आणि समोरच्या गाडीत कुणाला लागलं आहे का ते विचारा. गाडी वाहतुकीच्या मध्ये धोकादायक जागी असेल तर दोन-तीन फोटो घाईनं काढून ती कडेला घ्या. वेगानं गाड्या जात असतील तर ते दोन-तीन फोटोही सोडून द्या, आधी जीव सांभाळा.

‘मला काही झालं नाही’ असं ठामपणे म्हणू नका, लिहून तर अजिबात देऊ नका. मागून धक्का बसल्यावर मानेचं दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होतं. ‘आत्ता तरी काही दुखत नाही’ हे खरंही आहे आणि पुरेसंही.

पायरी २: फोटो, आणि तेही या क्रमानं

बहुतेक जण पोच्याचा जवळून फोटो काढतात आणि थांबतात. त्या फोटोवरून पोचा आहे एवढंच कळतं, तो कसा पडला ते कळत नाही.

आधी लांबून काढा. दोन्ही गाड्या एकाच चौकटीत येतील असे चारही कोपऱ्यांतून. रस्त्यावरचे पट्टे, सिग्नल, वळणाची पाटी, पार्किंगच्या रेषा त्यात याव्यात, कारण कोण कोणत्या लेनमध्ये होतं ते यांवरूनच ठरतं. मग दोन्ही नंबरप्लेट. त्यानंतर नुकसान: एकदा हातभर अंतरावरून, एकदा अगदी जवळून, आणि एकदा शेजारी पेन किंवा तळहात धरून, म्हणजे आकार कळेल. नुकसान जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही दिसू द्या. तुमचा बंपर ज्या उंचीवर आहे त्याच्या बऱ्याच वर, समोरच्या गाडीच्या दाराच्या हँडलपाशी ओरखडा असेल, तर तो तुमच्या बंपरचा असणं कठीण आहे.

शेवटी दोन्ही गाड्यांभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि न लागलेल्या बाजूंचेही फोटो घ्या. पुढे वाद झालाच तर हेच फोटो सर्वांत जास्त कामाला येतात. महिन्याभरानं कुणी ‘मागचं दारही तेव्हाच गेलं’ म्हणालं, तर त्या दिवशी ते दार कसं होतं हे तुमच्याकडे असेल. ताज्या ओरखड्याच्या कडा स्वच्छ असतात, रंगाची भुकटी किंवा दुसऱ्या गाडीचा रंग लागलेला असतो. जुन्यात मळ बसलेला असतो आणि पोलादी पत्रा उघडा पडला असेल तर गंज दिसतो. मात्र प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही. तेव्हा गंज नाही म्हणजे ओरखडा ताजाच, असं म्हणता येत नाही.

मूळ फोटो फोनमधून पुसू नका. प्रत्येक मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि सोय चालू असेल तर ठिकाणही नोंदलेलं असतं. चॅटवरून साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बहुधा दाबून लहान केला जातो आणि ती नोंद गळून जाते. कुणाला पाठवायचेच असतील तर फाइल म्हणून पाठवा, मूळ प्रत आपल्याकडे ठेवा.

गाडीत डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करत राहणारा कॅमेरा) असेल तर तेवढी क्लिप लगेच लॉक करा किंवा कार्ड काढून ठेवा. हा कॅमेरा जुन्या चित्रणावर नवं चित्रण लिहीत जातो. हलक्या धक्क्यात त्याच्या सेन्सरला धडक झाल्याचं कळेलच असं नाही. आसपासच्या दुकानावर किंवा इमारतीवर कॅमेरा दिसला तर त्याच दिवशी चौकशी करा, तिथलंही चित्रण काही काळानं पुसलं जातं. ते तुम्हाला देणार नसतील तरी जपून ठेवण्याची विनंती करता येते. पोलिसांनी किंवा विमा कंपनीनं मागेपर्यंत ते टिकलं पाहिजे.

पायरी ३: नाव-नंबर घेताना तिथल्या तिथे खात्री

फोन नंबर घेतला की त्याच्यासमोरच मिसकॉल द्या. “माझाही नंबर तुमच्याकडे राहू दे,” असं म्हणत दिलात तर त्यात अविश्वास दिसत नाही, आणि खरोखरच दोघांचंही काम होतं. माझी ती रात्र एका मिसकॉलनं वाचली असती.

लायसन्स आणि विम्याचा कागद यांचा फोटो घ्या, आपलाही काढू द्या. हातानं उतरवत बसू नका. चालवणारा आणि गाडीचा मालक एकच आहेत का ते विचारा. नसतील तर मालकाचं नाव लिहून घ्या. गाडी भाड्याची किंवा कंपनीची असेल तर रस्त्यावर दिलेला शब्द पाळणं त्या माणसाच्या हातात नसतंच, तो कितीही भला असो. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या काचेखाली कोपऱ्यात गाडीचा १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांक बाहेरून वाचता येतो, त्याचाही एक फोटो असू द्या. त्या क्रमांकात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. अंक वाचताना माणसं चुकतात हे गृहीत धरूनच ती पद्धत बसवलेली आहे.

दोन्ही गाड्यांत किती जण होते ते लिहा. गाडीत नसलेला माणूस नंतर जखमी म्हणून दाव्यात उगवतो, हा विम्यातल्या फसवणुकीचा जुना प्रकार आहे. कुणी पाहणारं असेल तर त्यांचं नाव आणि नंबर घ्या, ती माणसं पाच मिनिटांत निघून जातात.

कुणालाही आपलं मूळ लायसन्स ‘पैसे मिळेपर्यंत’ ठेवायला देऊ नका आणि दुसऱ्याचं ठेवून घेऊ नका.

पायरी ४: बोलताना आणि आठवताना

‘चूक माझीच’ किंवा ‘चूक तुमचीच’ ही दोन्ही वाक्यं त्या क्षणी टाळा. अनेक विमा पॉलिसींमध्ये कंपनीला न विचारता जबाबदारी कबूल करू नये अशी अट असते. विचारपूस मात्र मनापासून करा, तिला कुठलीही अट आड येत नाही.

समोरच्याच्या हकिकतीत आणि तुमच्या हकिकतीत फरक पडला की लगेच तो खोटं बोलतोय असं धरू नका. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेच्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचं वापरलं तेव्हा सुमारे ३२ मैल. चित्रफिती त्याच होत्या. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. यातलं कुणीच लबाड नव्हतं.

तुमची आठवणही अशीच वळते, हे कबूल करायला जड जातं पण खरं आहे. घरच्यांना सांगताना, मित्रांना सांगताना प्रत्येक वेळी हकिकत थोडी आपल्या बाजूला झुकते. म्हणून कुणाला सांगण्याआधी, त्याच दिवशी, जे घडलं ते लिहून काढा: वेळ, दिशा, सिग्नल, इंडिकेटर, कोण थांबलेलं आणि कोण चालत्या गाडीत होतं, पाऊस, उजेड, आणि तो काय म्हणाला ते जसंच्या तसं. जे नक्की दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ लिहा.

युरोपातल्या अनेक देशांत यासाठी एक ठरलेला छापील फॉर्म असतो. दोघं मिळून भरतात, एकच नकाशा काढतात, परिस्थितीच्या १७ चौकटींपैकी लागू त्यांवर खुणा करतात आणि दोघंही सही करतात. ती सही म्हणजे चुकीची कबुली नव्हे, फक्त घटना आणि ओळख यांची नोंद, असं त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं. तुमच्याकडे तसा फॉर्म नसेल तरी साध्या कागदावर दोघांनी मिळून एक नकाशा काढला आणि दोघांनी त्याचा फोटो घेतला, तर निम्मे वाद जन्मालाच येत नाहीत.

‘आपसात मिटवू’ : हो म्हणावं का?

खरी घालमेल इथेच होते. “क्लेम कशाला करताय, मी देतो ना भरपाई,” असं कुणी म्हटलं की नकार देणं उद्धट वाटतं आणि होकार देणं भाबडेपणाचं वाटतं.

मला विचाराल तर आपसात मिटवण्यात गैर काही नाही, पण सगळ्या अटी जमल्या पाहिजेत. कुणाला लागलेलं नाही. दोनच गाड्या आहेत आणि दोन्ही चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या आहेत. दोघांकडे लायसन्स आणि चालू विमा आहे. तुमच्या भागातल्या कायद्यानुसार एवढ्या धडकेची पोलिसांत नोंद करणं सक्तीचं नाही. आणि नुकसान खरोखर वरवरचं आहे. यातली एक जरी अट हुकली तर विमा कंपनीच्या वाटेनं जा, समोरचा कितीही गयावया करो.

वरवरचं आहे हे रस्त्यावर कळत नाही, ही यातली मोठी अडचण. आताच्या गाड्यांच्या बंपरचं बाहेरचं आवरण प्लॅस्टिकचं असतं. ते दबून पुन्हा आपल्या आकारात येऊ शकतं. आतला धक्का शोषणारा फोम आणि त्यामागची आडवी पट्टी मात्र चेपलेली असू शकते. पार्किंग सेन्सर, कॅमेरा, रडार बंपरपाशी असतील तर त्यांची दिशा थोडी हलली तरी ते पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. वेगाचाही अंदाज फसवा असतो: ताशी १० किलोमीटरऐवजी २० नं धडक बसली तर धडकेतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तेव्हा तिथल्या तिथे आकडा ठरवू नका. रोख हातात ठेवून ‘मिटलं’ म्हणणाऱ्याला शांतपणे सांगा की बंपर उघडून पाहिल्याशिवाय मलाही आकडा माहीत नाही. आकडा फुगवला जाईल अशी त्याला भीती असेल तर त्याच्या पसंतीच्या गॅरेजमधूनही दुसरं एस्टिमेट, म्हणजे खर्चाचा अंदाज, घ्यायला तयार राहा.

मग तिथेच, दोघं समोर असताना, मेसेज पाठवा. असा काहीसा:

“आज सायंकाळी अमुक वाजता, अमुक ठिकाणी माझ्या थांबलेल्या गाडीला (नंबर) तुमच्या गाडीचा (नंबर) मागून धक्का लागला. माझ्या मागच्या बंपरला पोचा आहे. तुम्ही दुरुस्तीचा खर्च देणार असं म्हणालात. मी तीन दिवसांत एस्टिमेट पाठवतो. बरोबर असेल तर ‘हो’ लिहा.”

त्या ‘हो’मध्ये किती ताकद आहे ते नंतर कळतं. अर्थात, सही किंवा मेसेज मागितल्यावर जो अडखळतो तो लबाडच असतो असंही नाही, त्याला कदाचित घरी विचारायचं असेल. पण लेखी काहीच द्यायला तयार नसलेल्या माणसाबरोबर आपसात मिटवू नका. हे त्याच्या स्वभावाबद्दलचं मत नाही, तुमच्यापुरता नियम आहे.

क्लेम करायचा नसला तरी विमा कंपनीला ‘फक्त माहितीसाठी’ कळवून ठेवा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक मुदतीत कळवण्याची अट असते. आठवडाभर वाट बघून माणूस फिरला आणि तोवर मुदत संपली, तर दोन्हीकडून नुकसान होतं. मुदत किती ते आजच पॉलिसीत बघून ठेवा.

पैसे खात्यावर घ्या. रोख घेतलेत किंवा दिलेत तर पावती करा. ‘आता कोणतीही मागणी उरलेली नाही’ असं लिहून द्यायचं ते दुरुस्ती होऊन गाडी हातात आल्यावर. पैसे देणारे तुम्ही असाल तर हे वाक्य मागायला विसरू नका.

घरी आल्यावर

आता वाट बघायची, आणि हीच सर्वांत कठीण पायरी. तुमच्यापाशी फोटो, खात्री केलेला नंबर आणि लेखी ‘हो’ आहे. म्हणजे तो माणूस सरळ असला तर काम लवकर होईल, नसला तर जरा उशिरा होईल. एवढाच फरक उरला आहे. मन तरी ऐकत नाही, हे मला माहीत आहे.

अशा वेळी मला एक प्रयोग आठवतो. ॲलन कोन आणि सहकाऱ्यांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं वेगवेगळ्या ठिकाणच्या स्वागतकक्षांत नेऊन दिली. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबाबत मालकाशी संपर्क साधला गेला. पैसे असलेल्यांबाबत ५१ टक्के. पैसे असले की पाकीट परत येण्याची शक्यता कमी होईल असं सामान्य लोकांना वाटलं होतं, अर्थतज्ज्ञांनाही हा निकाल आधी ओळखता आला नव्हता. झालं उलट. सगळे परत करतात असं यातून मुळीच निघत नाही. पण पैशाचा प्रश्न आला की अनोळखी माणूस फिरणारच, हा आपला अंदाज चुकू शकतो, एवढं नक्की.

तेव्हा त्याच रात्री दहा फोन करू नका. एस्टिमेट ठरलेल्या दिवशी पाठवा. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर एक सभ्य आठवण करा. आणखी तीन दिवस गेले तर लिहा: ‘अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर मी विमा कंपनीकडे जाईन.’ ती तारीख पॉलिसीतल्या कळवण्याच्या मुदतीच्या बरीच अलीकडची ठेवा आणि त्या दिवशी खरंच जा. धमक्या, सोशल मीडियावर त्याचा नंबर किंवा फोटो टाकणं, घरी जाऊन भांडणं यांनी तुमचीच बाजू कमजोर होते.

खरोखरच फिरला तर

हकिकत बदलली, नुकसानाची यादी वाढली, किंवा तिसऱ्याच कुणाचा ‘मी त्यांच्या वतीनं बोलतोय’ असा फोन आला, तर स्वतः वाद घालणं थांबवा. आलेलं सगळं जपून ठेवा आणि विमा कंपनीकडे द्या. ‘फोन नको, लेखी कळवा’ एवढंच उत्तर पुरे.

मुद्दाम घडवलेल्या धडकांच्या काही खुणा विमा क्षेत्रात ओळखीच्या आहेत: पुढची गाडी कारण नसताना कचकन थांबते, साक्षीदार जागेवर तयारच असतात, टोइंगवाला न बोलावता हजर होतो, आणि ठरावीक गॅरेजलाच गाडी न्यायचा आग्रह होतो. एकच खूण योगायोग असू शकते. दोन-तीन एकत्र दिसल्या तर तिथूनच पोलिसांना फोन करा.

धक्का तुमच्याकडून लागला असेल तर

पार्क केलेल्या गाडीला घासलं आणि मालक जवळ नाही, अशा वेळी कुणी पाहिलेलं नसतं. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते-वाहतूक करारात यासाठी स्पष्ट कलम आहे: नुकसान झालेला माणूस हजर नसेल तर शक्य तो जागेवरच आपलं नाव-पत्ता ठेवा, आणि काहीही झालं तरी शक्य तितक्या लवकर त्याला थेट, ते जमलं नाही तर पोलिसांमार्फत कळवा. वायपरखाली चिठ्ठी ठेवा, ती ओली होणार नाही अशी, आणि चिठ्ठीसकट गाडीचा फोटो काढा. चिठ्ठी वाऱ्यानं उडाली तरी तुम्ही ठेवली होती हे दिसेल. तुमच्याकडे पोलिसांना कळवणं सक्तीचं असेल तर चिठ्ठी पुरेशी ठरत नाही, तेही करा.

आणि मालक समोर असेल तर त्यानं मागण्याआधी लायसन्स पुढे करा, तुमचा मिसकॉल त्याला द्या, मेसेजचा मसुदा तुम्हीच लिहा. त्यालाही आज रात्री झोपायचं आहे.

सगळं मिटल्यावर फोटो, मेसेज, एस्टिमेट, बिल आणि पावती एका फोल्डरमध्ये तारखेनं ठेवून द्या. दावा करण्याची कायदेशीर मुदत पुष्कळ देशांत काही वर्षांची असते. तेवढी संपेपर्यंत तो फोल्डर पुसू नका, फोन बदलला तरी.